२३० म्हणजे नेमके किती?

मेहरूण म्हटलं की बाहेरच्या माणसाला बोरं आठवतात आणि जळगावकराला तलाव. या तलावापासून फार दूर नसलेल्या औद्योगिक वसाहतीत पीव्हीसी पाइप ओढणारे एक्स्ट्रूडर, प्लॅस्टिकच्या चटया विणणारे माग आणि डाळीच्या गिरण्या चालतात. यांपैकी कोणत्याही शेडमध्ये शिरा, भिंतीशी पत्र्याचं एक पॅनेल असतंच आणि त्याच्या तोंडावर काट्याचं किंवा लाल आकड्यांचं मीटर असतं. कुणीतरी विचारतं, ‘‘व्होल्टेज किती?’’ दुसरा मान वर करून सांगतो, ‘‘दोनशे तीस.’’ तेवढ्यावर काम पुढे सरकतं.

मीटर बनवणाऱ्यानं मात्र ‘दोनशे तीस’ असं कधीच म्हटलेलं नसतं. त्यानं म्हटलेलं असतं, ‘अमुकपासून तमुकपर्यंत कुठेतरी’. ते अमुक-तमुक किती, हे त्यानं तबकडीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत छापलेलंही असतं. ती ओळ वाचता येणं ही वायरमन, मेंटेनन्सवाला, शेतकरी आणि वीजबिल भरणारा घरमालक या सगळ्यांच्या उपयोगाची गोष्ट आहे. आपल्याकडे मीटर वापरायला शिकवतात, ही ओळ वाचायला सहसा शिकवत नाहीत, आणि मला ही मोठी उणीव वाटते.

काट्याच्या मीटरपासून सुरुवात करू, कारण त्याचा हिशेब सरळ आहे. तबकडीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक चिन्हांची एक रांग असते. मीटर उभं बसवायचं की आडवं, ते एसीसाठी की डीसीसाठी, आतली यंत्रणा कोणती आणि इन्सुलेशनची चाचणी किती किलोव्होल्टला झाली, हे ती चिन्हं सांगतात. त्यांच्यातच १.५ किंवा १ असा एक सुटा आकडा असतो. हा अचूकतेचा वर्ग. भारतीय मानक आयएस १२४८ मध्ये असे वर्ग ठरवून दिलेले आहेत. प्रयोगशाळेतल्या मीटरांसाठी ०.१, ०.२, ०.५ आणि पॅनेलवरच्या मीटरांसाठी १, १.५, २.५ वगैरे.

१.५ म्हणजे दीड टक्का हे खरं, पण कशाचा दीड टक्का? समोर दिसणाऱ्या आकड्याचा नव्हे, पूर्ण पट्टीचा. ० ते ३०० व्होल्टच्या मीटरला ही सूट ४.५ व्होल्टची आहे आणि काटा कुठेही असला तरी ती ४.५ व्होल्टच राहते. काटा २३० वर असेल तर खरा दाब २२५.५ ते २३४.५ च्या दरम्यान, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांचा फरक. काटा ६० वर असेल तर तेच ४.५ व्होल्ट साडेसात टक्के होतात. म्हणून काटा पट्टीच्या वरच्या एक तृतीयांश भागात राहील असं मीटर निवडावं, ही जुन्या लोकांची शिकवण आहे.

ही शिकवण पाळली जात नाही ती अ‍ॅमीटरच्या बाबतीत. पॅनेल बनवताना ‘पुढं लोड वाढेल’ म्हणून ० ते १०० अ‍ॅम्पिअरची पट्टी बसवतात आणि तिच्यावर १५ अ‍ॅम्पिअर घेणारी मोटर वर्षानुवर्षं चालते. दीड टक्क्याच्या वर्गात इथे सूट दीड अ‍ॅम्पिअरची, म्हणजे प्रत्यक्ष करंटच्या दहा टक्के. मोटरवर ताण आला आहे की नाही, हे ओळखायचा फरक साधारण एवढाच असतो. जळगावच्या सराफ बाजारात दहा ग्रॅम सोनं कुणी कापसाच्या गाडीच्या वजनकाट्यावर तोलणार नाही, पण पॅनेलवर आपण नेमकं हेच करतो.

काट्याच्या मीटरनं जवळपास शंभर वर्षं राज्य केलं. एडवर्ड वेस्टन यांनी १८८८ मध्ये अमेरिकेत नेवार्कला मोजमापाची उपकरणं बनवणारी कंपनी काढली. व्होल्ट, अ‍ॅम्पिअर आणि ओहम एकाच डब्यात मोजणारं अ‍ॅव्होमीटर १९२३ साली इंग्लंडात बाजारात आलं. ते सुचलं तिथल्या टपाल खात्यातल्या डोनाल्ड मॅकेडी या इंजिनिअरला. प्रत्येक मापासाठी वेगळं उपकरण वागवायचा त्यांना कंटाळा आला होता. आपल्याकडे हा उद्योग नाशकात रुजला. मोटवानेची मल्टिमीटरं देशभरातल्या कार्यशाळांत पोहोचली आणि १९८२ पासून रिषभ इन्स्ट्रुमेंट्सही तिथे मीटरं बनवते आहे. खानदेशातल्या बऱ्याच पॅनेलांवरच्या मीटरांचं गाव शोधायला फार लांब जावं लागत नाही.

मग आकड्यांची मीटरं आली आणि त्यांच्यासोबत एक गैरसमजही. पडद्यावर २३०.४ दिसलं की दशांशापर्यंत सगळं नक्की आहे असं वाटतं. प्रत्यक्षात पडद्यावर किती अंक दिसतात हा एक मुद्दा आणि त्यांतले किती भरवशाचे हा दुसरा. डिजिटल मीटरची अचूकता दोन तुकड्यांत लिहिलेली असते, ±(१.० टक्के + ३ अंक) अशी. यातला टक्का पूर्ण पट्टीचा नसून दिसणाऱ्या आकड्याचा आहे. पुढचे ‘३ अंक’ म्हणजे पडद्यावरच्या सगळ्यांत उजवीकडच्या अंकाची तीन पावलं.

६०० व्होल्टच्या रेंजवर पडदा दशांश एक स्थळापर्यंत दाखवतो असं धरू. २३० चा एक टक्का २.३ आणि शेवटच्या अंकाची तीन पावलं ०.३, मिळून २.६ व्होल्ट. म्हणजे २२७.४ ते २३२.६. आता बाजारातलं सगळ्यांत स्वस्त साडेतीन अंकी मीटर घ्या. त्याच्या पुस्तिकेत मोठ्या एसी रेंजला बहुधा ±(१.२ टक्के + १० अंक) लिहिलेलं असतं. टक्का जवळपास तेवढाच दिसतो म्हणून गिऱ्हाईक खूश होतं. पण या रेंजवर पडद्याचं एक पाऊल पूर्ण एक व्होल्टचं आहे, तेव्हा दहा अंक म्हणजे दहा व्होल्ट. २.८ आणि १० मिळून १२.८. तेच २३० आता २१७ ते २४३ मध्ये कुठेही असू शकतं. दोन मीटरांच्या किमतीतला खरा फरक अधिकच्या चिन्हानंतर छापलेला असतो आणि नेमका तोच कुणी वाचत नाही.

टाँग टेस्टरचं, म्हणजे क्लॅम्प मीटरचं गणितही असंच. डाळ मिलमधली दहा एचपीची मोटर भरल्या लोडवर साधारण १४ अ‍ॅम्पिअर घेते. मीटर ±(२ टक्के + ५ अंक) वर्गाचं असेल आणि ४०० अ‍ॅम्पिअरच्या रेंजवर ठेवलं असेल, तर ०.२८ अधिक ०.५, म्हणजे पाऊण अ‍ॅम्पिअरच्या वर सूट, साडेपाच टक्के. तेच मीटर ४० च्या रेंजवर आणलं की ०.२८ अधिक ०.०५, म्हणजे सव्वादोन-अडीच टक्के. मीटर तेच, वायर तीच, फिरवली फक्त कळ. या आकड्यावर ओव्हरलोड रिले बसवायचा असेल तर ती कळ फिरवायलाच हवी. वायर जबड्याच्या मधोमध धरावी, असंही पुस्तिकेत लिहिलेलं असतं. कडेला चिकटलेल्या वायरीसाठी छापील टक्केवारी लागू नसते.

आता मूळ मुद्द्यावर येतो. अचूकतेच्या तक्त्याच्या वर किंवा खाली बारीक अक्षरांत अटी असतात: तापमान २३ अंश सेल्सिअस, पाच अंश इकडे-तिकडे, आर्द्रता ८० टक्क्यांच्या आत, कॅलिब्रेशननंतर एक वर्ष. १८ ते २८ अंश. जळगावच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा भरदुपारी हे २८ अंश मिळतील ते फक्त एसी लावलेल्या खोलीत. पत्र्याच्या शेडमध्ये एक्स्ट्रूडरच्या हीटरशेजारी तर बाहेरच्याहून जास्त उकाडा असतो.

त्याच पानावर आणखी एक ओळ असते, ‘वापराचं तापमान ० ते ५० अंश’. पुष्कळ जण ती वाचून निश्चिंत होतात. या ओळीचा अर्थ एवढाच की त्या तापमानात मीटर चालेल, बिघडणार नाही. छापलेल्या अचूकतेनं चालेल असं ती म्हणत नाही. त्यासाठी तिसरी ओळ शोधावी लागते, तापमान गुणांकाची. बऱ्याच मीटरांत ती अशी असते: १८ च्या खाली किंवा २८ च्या वर प्रत्येक अंशाला, दिलेल्या अचूकतेच्या ०.१ पट जादा.

मेमधल्या दुपारी ४५ अंश असतील तर २८ च्या वर १७ अंश झाले. १७ गुणिले ०.१ म्हणजे १.७ पट. मूळची सूट २.६ व्होल्ट, तिच्यात ४.४ ची भर, एकूण ७. चांगल्या मीटरचं २३० आता २२३ ते २३७ झालं. यात मीटरचा दोष काहीच नाही. बनवणाऱ्यानं सगळं लिहून दिलं होतं. थंड हवेच्या देशातल्या इंजिनिअरला ती ओळ वर्षातून क्वचित लागत असेल, खानदेशातल्या माणसाला मार्च ते जून रोज लागते. म्हणूनच मला वाटतं, इथल्या आयटीआयमध्ये आणि कारखान्यांत तापमान गुणांक ही तळटीप समजू नये, तो पहिल्या धड्यात शिकवावा. आणि साधा उपाय हातात आहेच: महत्त्वाचं माप सकाळी घ्यावं, मीटर उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये, गरम जागेतून आणलेलं मीटर अर्धा तास सावलीत राहू द्यावं, आणि मापासोबत तापमानही लिहावं.

पुस्तिकेतली आणखी एक अट वारंवारतेची, ४५ ते ४०० हर्ट्झ अशी काहीतरी. आपली वीज ५० हर्ट्झची, तेव्हा अडचण नाही असं वाटतं. पण पाइपच्या कारखान्यात आज मोटरी वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर चालतात. ड्राइव्हमधून बाहेर पडणारा दाब सरळ लहरीचा नसतो, सेकंदाला हजारो वेळा तुकडे केलेला असतो. साधं मल्टिमीटर तिथं लावलं तर प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त आकडा दिसू शकतो. शेडमध्ये लगेच ‘ड्राइव्ह बिघडला’ असा निष्कर्ष निघतो. मात्र माप त्या मीटरच्या अटींच्या बाहेरचं होतं. यासाठी उच्च वारंवारता गाळणारी चाळणी असलेली मीटरं मिळतात.

स्वस्त मीटर आणि ट्रू आरएमएस मीटर यांच्यातला फरकही इथलाच. स्वस्त मीटर लहरीची सरासरी काढतं आणि तिला १.११ नं गुणून दाखवतं. लहर शुद्ध साइन असेल तर हा गुणाकार बरोबर येतो. एलईडी दिवे, संगणक आणि रेक्टिफायर असलेली यंत्रं टोकदार, तुटक करंट घेतात. तिथं सरासरीवालं मीटर ४० टक्क्यांपर्यंत कमी दाखवू शकतं. न्यूट्रलची वायर तापलेली असते आणि मीटर म्हणतं सगळं ठीक आहे. अचूकतेच्या तक्त्यात ‘साइन लहरीसाठी’ असे दोन शब्द असतात, ते याच कारणानं.

शेतातलं एक उदाहरण याच्या जोडीला द्यायला हवं. केळीबागेतल्या विहिरीपर्यंत लांब केबल गेलेली असते आणि एक फेज गेलेला असतो. वायरमन डिजिटल मीटर लावतो तर त्या मेलेल्या फेजवर साठ-सत्तर व्होल्ट दिसतात. मीटरचा अंतर्गत रोध दहा मेगाओहमच्या आसपास असतो, म्हणून शेजारच्या जिवंत तारेतून केबलच्या धारकतेनं झिरपलेला नुसता नावापुरता दाबही ते दाखवतं. आकडा अचूक आहे, पण त्या दाबात दिवा लावण्याचीही ताकद नाही. अशा वेळी कमी रोधाची सोय असलेलं मीटर लावावं किंवा टेस्ट लॅम्प लावून पाहावा. कोणतंही मीटर असो, पॅनेलवर आणि डीपीजवळ काम करताना कॅट ३ किंवा कॅट ४ हा सुरक्षेचा शिक्का पाहावा. अचूकतेचा त्याच्याशी संबंध नाही, जिवाशी आहे.

आता सगळ्यांच्या घरातलं मीटर. वीजबिल जास्त आलं की ‘मीटर पळतंय’ ही पहिली शंका असते. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २००६ च्या नियमांनुसार ६५० व्होल्टपर्यंतच्या ग्राहकाचं मीटर वर्ग १.० किंवा त्याहून चांगलं हवं, ३३ किलोव्होल्टपर्यंत ०.५ एस आणि त्याच्या वर ०.२ एस. ग्राहकाच्या मीटरची पाच वर्षांतून एकदा तपासणी व्हावी, असंही ते नियम सांगतात. वर्ग १ म्हणजे ३०० युनिटच्या बिलात तीन युनिटांची सूट, कमी किंवा जास्त. बिल दुप्पट आलं असेल तर त्याचं उत्तर अचूकतेच्या वर्गात मिळणार नाही. चुकीचं रीडिंग, आधीच्या महिन्यांची सरासरी, गळती, नवा पंप किंवा सरळसरळ बिघडलेलं मीटर, असं काहीतरी शोधावं लागेल. जागेवर येऊन अ‍ॅक्युचेक यंत्रानं मीटर तपासतात तेव्हा हाती येणारी टक्केवारी या एक टक्क्याशी ताडून पाहायची असते.

इथंही टक्क्याला अटी आहेत. ५-३० अ‍ॅम्पिअरच्या मीटरमध्ये ५ हा मूळ करंट. एक टक्क्याची हमी त्याच्या दहाव्या भागापासून, अर्ध्या अ‍ॅम्पिअरपासून, सुरू होते. त्याच्या खाली पाव अ‍ॅम्पिअरपर्यंत दीड टक्का. रात्री घरात फक्त ९ वॅटचा एक दिवा चालू असेल तर करंट याच्याही कितीतरी खाली असतो. मीटर तेव्हाही फिरतं, पण तिथं टक्क्याचं वचन दिलेलं नसतं. पैशांच्या हिशेबात हा भाग नगण्य आहे. उन्हाचं तसं नाही. वर्ग १ च्या मीटरला प्रत्येक अंशामागे ०.०५ टक्के जादा सूट असते. भिंतीवरच्या लोखंडी पेटीत संदर्भ तापमानापेक्षा वीस अंश जास्त झाले की आणखी एक टक्का. पेटी सावलीत असावी ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

कारखान्याच्या मीटरिंगमध्ये तोटा कुठं लपतो ते पाहण्यासारखं आहे. तिथं करंट थेट मीटरमध्ये जात नाही, करंट ट्रान्सफॉर्मरमधून, म्हणजे सीटीमधून, जातो. ०.५ वर्गाच्या सीटीची अर्ध्या टक्क्याची हमी शंभर टक्के करंटला असते. २० टक्के करंटला सूट ०.७५ होते आणि ५ टक्क्यांना १.५. म्हणजे १००/५ ची सीटी बसवलेल्या कारखान्यात मंदीमुळे रात्री फक्त ५ अ‍ॅम्पिअरची एक लाइन चालत असेल, तर तिचा हिशेब दीड टक्क्याच्या सुटीत चालला आहे. ०.५ एस मधला ‘एस’ हे दुखणं कमी करतो. त्या सीटीची ५ टक्के करंटला सूट ०.७५ आणि २० टक्क्यांपासूनच ०.५ असते, आणि मर्यादा अगदी १ टक्का करंटपर्यंत बांधलेली असते. शिवाय सीटी करंटची वेळही किंचित सरकवते. अर्ध्या अंशाचं हे सरकणं पॉवर फॅक्टर १ असताना कळतही नाही. अर्धवट भरलेल्या मोटरींमुळे तो ०.५ ला आला की ऊर्जेच्या मोजणीत त्यातूनच दीड टक्क्याची चूक होते. पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर बसवण्याचं हे एक कारण फारसं कुणी सांगत नाही.

वर्षातून एकदा मीटर कॅलिब्रेशनला जातं आणि ‘पास’ची चिकटपट्टी लावून परत येतं. चिकटपट्टीपेक्षा प्रमाणपत्र वाचावं. त्यात प्रत्येक बिंदूला प्रयोगशाळेनं दिलेला खरा दाब, मीटरनं दाखवलेला आकडा आणि प्रयोगशाळेची स्वतःची अनिश्चितता लिहिलेली असते. समजा २३०.० ला मीटरनं २३१.४ दाखवलं आणि अनिश्चितता ०.३ आहे. आपली सूट २.६ ची होती, तेव्हा मीटर चांगलं आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते १.४ व्होल्ट जास्त दाखवतं हे कळलं, आणि पुढं त्या भागात तेवढे वजा करता येतात. तपासणारं उपकरण आपल्या मीटरपेक्षा निदान चौपट चांगलं असावं, हा रूढ संकेत आहे. त्या उपकरणाला तपासणारं आणखी चांगलं, आणि ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. वाटेतल्या प्रयोगशाळांना एनएबीएल मान्यता देते. मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी ही संस्था १९६९ पासून आहे. विद्युत मोजमापाच्या उपकरणांसाठीच ती उभी राहिली. साखळीच्या शेवटी कोणताही धातूचा तुकडा ठेवलेला नाही. २० मे २०१९ पासून अ‍ॅम्पिअरची व्याख्या इलेक्ट्रॉनवरच्या विद्युतभाराच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर उभी आहे. मीटर पाठवताना फक्त ‘कॅलिब्रेशन करा’ असं न लिहिता आपण रोज कोणत्या रेंजवर आणि कोणत्या आकड्यांजवळ मोजतो, तेही लिहावं. १०० व्होल्टला तपासलेल्या मीटरवरून ४१५ बद्दल फारसं काही कळत नाही.

या सगळ्याची गरज पडते ती भांडणाच्या वेळी. लघुदाबाच्या पुरवठ्यात जाहीर दाबाच्या ६ टक्के वर-खाली एवढी मर्यादा नियमांत आहे, म्हणजे ४१५ ला साधारण ३९० ते ४४०. एका पंपधारकाच्या मीटरपाशी दाब ३९२ भरला. तो म्हणतो दाब कमी आहे, म्हणून मोटर जळते. समोरचा म्हणतो, ३९० च्या वर आहे, नियमात बसतं. मघाचं १ टक्का + ३ अंकांचं मीटर वापरलं असेल तर ३९२ ला सूट ४.२ व्होल्टची. खरा दाब ३८७.८ ते ३९६.२ मध्ये आहे आणि ३९० ही रेघ बरोबर त्या पट्ट्यातून जाते. दोघांचंही म्हणणं या मापानं सिद्ध होत नाही. माप दुपारी ४५ अंशांत घेतलं असेल तर पट्टा ३८१ ते ४०३ असा पसरतो आणि मग बोलण्यासारखं काहीच उरत नाही. सकाळच्या गारव्यात, ०.२ किंवा ०.५ टक्क्याच्या, चालू वर्षाचं प्रमाणपत्र असलेल्या मीटरनं, तिन्ही फेजमध्ये, पंप चालू असताना आणि बंद असताना, चार-सहा दिवस नोंद घ्यावी. प्रत्येक आकड्यापुढं ± लिहावं. पट्टा सगळाच्या सगळा ३९० च्या खाली गेला तर तक्रारीच्या अर्जाला ती नोंद जोडता येते. पट्टा सगळा वर राहिला, तर मोटर जळण्याचं कारण वाइंडिंगमध्ये, बेअरिंगमध्ये किंवा एका फेजच्या सैल जोडात शोधायला घ्यावं.